पॉवरशेलचा फाइल-शोध आणि ‘जुने’ नावाचे फोल्डर : शहापुरातील एका छपाईवाल्याचे परीक्षण

बेळगावच्या शहापूर भागात आमचे डीटीपीचे आणि ऑफसेट छपाईचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, सोसायट्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा आणि हँडबिले अशी कामे वर्षानुवर्षे एकाच संगणकावर साठत आली आहेत, आणि सीमाभागातील बहुतेक छपाईवाल्यांप्रमाणे आमच्याकडेही एकाच गिऱ्हाइकाचे एक काम मराठीत, दुसरे कन्नडमध्ये आणि तिसरे इंग्रजीत असते. मंडळांची गर्दी सुरू होण्याआधी, कोरलड्रॉ या चित्ररचनेच्या प्रोग्रॅममधील अंतिम झालेल्या फाइली तेवढ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायच्या आणि जुन्या प्रती, प्रूफे व बॅकअप मागे ठेवायचे, असा आमचा नेम आहे. हे काम मी पूर्वी हाताने करीत असे. काही वर्षांपासून ते विंडोजमधील पॉवरशेलवर, म्हणजे टंकलेल्या आज्ञांनी संगणकाकडून कामे करून घेणाऱ्या साधनावर, सोपवले आहे. पॉवरशेल हा फार मोठा विषय आहे आणि त्याचे सर्वांगीण परीक्षण करण्याचा माझा अधिकार नाही. एखाद्या स्क्रिप्टमधून, म्हणजे ओळीने लिहून साठवलेल्या आज्ञांमधून, फाइली शोधताना ठरावीक फोल्डर वगळायचे असतील तर हे साधन कसे वागते, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे. सर्व आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकाव्या लागतात.

पॉवरशेलची पहिली आवृत्ती 2006 मध्ये आली. विंडोज 10 आणि 11 मध्ये जी आयती मिळते ती 5.1 ही आवृत्ती 2016 ची आहे, आणि 2020 पासून 7 क्रमांकाची नवी मालिका वेगळी उतरवून घेता येते. दोन्हींना पैसे पडत नाहीत. दोन्ही एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदतात, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे देवनागरीच्या बाबतीत त्यांच्यात बराच फरक आहे.

शोधाची मुख्य आज्ञा ‘गेट-चाइल्डआयटेम’ ही आहे. तिला ‘-रीकर्स’ जोडले की ती पोटफोल्डरांच्या पोटात शिरत जाते, ‘-फाइल’ जोडले की फोल्डर सोडून फक्त फाइली देते, आणि ‘-फिल्टर’मध्ये विस्तार, म्हणजे फाइलीच्या नावातील टिंबानंतरची अक्षरे, दिला की त्या प्रकारच्या फाइली वेचते. हा भाग चोख आहे. फिल्टर वेगवान असतो, कारण गाळणी फाइल-प्रणालीच्याच पातळीवर होते. फक्त 5.1 मध्ये तीन अक्षरी विस्ताराचा फिल्टर त्याच तीन अक्षरांनी सुरू होणारे लांब विस्तारही घेऊन येतो, म्हणजे वर्डच्या ‘डॉक’ फाइली मागितल्या तर ‘डॉकएक्स’ही सोबत येतात. विंडोजच्या जुन्या आठ-अधिक-तीन अक्षरी नावांचा हा वारसा आहे.

खरी कसोटी लागते ती वगळण्याच्या ठिकाणी. आज्ञेत ‘-एक्स्क्लूड’ नावाचा पर्याय आहे, आणि ज्याने कोणी तो पहिल्यांदा वाचला असेल त्याने माझ्यासारखीच समजूत करून घेतली असेल, की येथे ‘बॅकअप’ लिहिले म्हणजे बॅकअप नावाचे फोल्डर त्यातील सर्व मालासह बाजूला पडेल. तसे होत नाही. हा पर्याय प्रत्येक वस्तूचे फक्त शेवटचे नाव तपासतो, संपूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून त्या वस्तूपर्यंतचा पत्ता, तपासत नाही. ‘बॅकअप’ हे फोल्डर यादीतून गळते हे खरे. पण शोध त्याच्या आत शिरतोच, आणि आतल्या फाइलीचे नाव ‘पाटील लग्नपत्रिका’ असल्यामुळे ती निर्धास्तपणे यादीत येऊन बसते. दारावरची पाटी काढली आणि घर मात्र उघडे ठेवले, असा हा प्रकार आहे. पर्याय निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. कोरलड्रॉ मूळ फाइलीच्या शेजारीच ‘बॅकअप ऑफ’ अशा इंग्रजी उपसर्गाची प्रत करून ठेवतो. त्या प्रती गाळायला ‘-एक्स्क्लूड’ अगदी योग्य आहे, कारण तेथे प्रश्न नावाचाच असतो. फोल्डरसाठी मात्र या नावाने दिलेले आश्वासन हा पर्याय पाळत नाही, आणि ही गोष्ट मदतपानावर बारकाईने वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही.

त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे सर्व फाइली आधी मागवून घ्यायच्या आणि ‘व्हेअर-ऑब्जेक्ट’च्या चाळणीतून प्रत्येकीचा पूर्ण पाथ ‘-नॉटलाइक’ या तुलनेने पारखायचा. या तुलनेत ताऱ्याचा अर्थ ‘कितीही अक्षरे’ आणि प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘नेमके एक अक्षर’ असा असतो, कॅपिटल-स्मॉलचा भेद केला जात नाही, आणि नमुना संपूर्ण पाथला लागू पडावा लागतो. नुसते ‘बॅकअप’ लिहिले तर ते कोणत्याच पाथशी जुळत नाही. म्हणून आपण दोन्ही बाजूंना तारे लावतो. माझी चूक याच ठिकाणी झाली, आणि ती मी येथे सविस्तर सांगतो, कारण तिच्यात साधनाचा वाटा किती आणि वापरणाऱ्याचा किती हे वाचकालाच ठरवता येईल.

मी नमुना लिहिला होता ‘*जुने*’. हेतू सरळ होता : ज्या पाथमध्ये कोठेही ‘जुने’ आहे ती फाइल नको. स्क्रिप्ट बिनतक्रार चालली, डिस्क भरली, आणि मी निश्चिंत मनाने मूळ संगणकावरची मागील वर्षांची कामे पुसून टाकली. पुढच्या हंगामात जुने बेळगावातील एका मंडळाचे कार्यकर्ते मागील अहवालातील जाहिरातींची पाने तशीच ठेवून नवा अहवाल करण्यासाठी आले, तेव्हा त्यांचे फोल्डर डिस्कवर नव्हतेच. ‘जुने बेळगाव’ या गावाचे नावच माझ्या नमुन्यात सापडले होते, आणि त्या भागातील सगळ्या गिऱ्हाइकांची कामे माझ्या स्क्रिप्टने टाकाऊ समजून मागे ठेवली होती. छापील प्रतीवरून 24 पाने पुन्हा जुळवावी लागली. त्यानंतर जुन्या याद्या तपासल्या तेव्हा शहापुरातीलच एका सराफाचे कामही गायब असल्याचे दिसले. इंग्रजी नावांसाठी मी ‘ओल्ड’ हा शब्द तसाच दोन ताऱ्यांमध्ये घातला होता, आणि इंग्रजी अक्षरांत ‘गोल्ड’च्या पोटात ‘ओल्ड’ असतोच.

दोष नमुन्याचा होता, हे मान्य. तरीही परीक्षक म्हणून मला एक तक्रार नोंदवावीशी वाटते. या साधनाने काय आणले हे ते सांगते. काय गाळले याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. हिशेबाच्या वहीत जमा लिहावी आणि खर्च लिहूच नये, तसे हे आहे. चुकीची फाइल आत आली तर ती डोळ्यांना दिसते आणि काढून टाकता येते. हवी असलेली फाइल बाहेर राहिली तर ती गरज पडेपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाही.

नमुन्याला कुंपण घालायचे तर बॅकस्लॅशचा आधार घ्यावा लागतो. ‘*\जुने\*’ असे लिहिले की फोल्डरचे संपूर्ण नाव ‘जुने’ असेल तरच ते जुळते. ‘जुने बेळगाव’ सुटते आणि सराफही सुटतो. येथे दोन बारकावे ध्यानात ठेवावे लागतात. एक म्हणजे फोल्डरचा स्वतःचा पाथ बॅकस्लॅशने संपत नाही, त्यामुळे आतल्या फाइली गळतात पण रिकामे फोल्डर यादीत राहते. ‘-फाइल’ हा पर्याय वापरला तर हा प्रश्न उद्भवत नाही. दुसरे म्हणजे फोल्डरच्या नावात चौकटी कंस असतील तर ते कंस नमुन्यात वेगळाच अर्थ घेतात. आमच्या एका जुन्या ऑपरेटरला ‘[प्रूफ]’ अशी नावे देण्याची हौस होती. नमुन्यात ते कंस तसेच लिहिले तर त्यांचा अर्थ ‘या अक्षरांपैकी कोणतेही एक’ असा होतो, आणि मग तो नमुना त्या फोल्डरशी कधीच जुळत नाही. कंसाआधी बॅकटिक हे उलटे अवतरणचिन्ह द्यावे लागते. ते कळफलकावर कोठे असते हे त्या दिवशी प्रथम मला कळले.

वगळायची नावे एकापेक्षा अधिक झाली की आणखी दोन खड्डे लागतात. ‘-नॉटलाइक’च्या उजव्या बाजूला स्वल्पविराम देऊन नमुन्यांची यादी लिहिली तर साधन कुरकुर करीत नाही, ते सगळ्या नमुन्यांची मध्ये जागा सोडून एकच लांबलचक ओळ बनवते, ती ओळ कोणत्याच पाथशी जुळत नाही, आणि परिणामी सर्वच्या सर्व फाइली पुढे जातात. म्हणून प्रत्येक नमुन्याची अट वेगळी लिहावी लागते, आणि त्या अटी ‘-अँड’ने जोडाव्या लागतात. ‘जुने किंवा प्रूफ नको’ हे मराठीत अगदी बरोबर वाक्य आहे, आणि त्याच सवयीने हात ‘-ऑर’ लिहून जातो. पण ‘जुन्यात नाही किंवा प्रूफात नाही’ ही अट जगातील जवळजवळ प्रत्येक फाइल पूर्ण करते. जुन्यातील फाइल प्रूफात नसते, आणि प्रूफातील जुन्यात नसते.

अनेक नावांसाठी म्हणून जाणकार मंडळी ‘-नॉटमॅच’ सुचवतात. येथे तारा-प्रश्नचिन्हांची वरील पद्धत, म्हणजे वाइल्डकार्ड, चालत नाही, रेजेक्स ही नमुने लिहिण्याची वेगळी चिन्हभाषा चालते, आणि उभ्या रेघेने हवे तितके पर्याय एका ओळीत देता येतात. सामर्थ्याच्या दृष्टीने हा पर्याय उजवा आहे यात शंका नाही. बेळगावपुरतेच उदाहरण द्यायचे तर 1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचे अधिकृत इंग्रजी नाव बदलले, आणि आमच्या संगणकावर त्या तारखेच्या आधीची फोल्डरे ‘बेलगाम’ या जुन्या स्पेलिंगने तर नंतरची ‘बेलगावी’ या नव्या स्पेलिंगने आहेत. पहिल्यात ‘एल’नंतर थेट ‘जी’ येते, दुसऱ्यात दोन्हींच्या मध्ये ‘ए’ आहे. रेजेक्समध्ये त्या ‘ए’पुढे प्रश्नचिन्ह दिले की ‘असला तर असो, नसला तरी चालेल’ असा अर्थ होतो आणि दोन्ही नावे एका नमुन्यात सापडतात. तेच प्रश्नचिन्ह ‘एल’ आणि ‘जी’ यांच्यामध्ये ठेवून वाइल्डकार्डमध्ये लिहाल तर तेथे एक अक्षर असलेच पाहिजे असा हुकूम होतो, आणि 2014 च्या आधीचे शहर हाती लागत नाही. एकाच साधनात एकाच चिन्हाचे दोन अर्थ, आणि दोन्ही आज्ञा शेजारच्या पानावर! सवय होईपर्यंत मी प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘येथे रेजेक्स आहे’ असा शेरा लिहून ठेवत असे.

रेजेक्सचा खरा सापळा मात्र बॅकस्लॅशमध्ये आहे, आणि विंडोजचा प्रत्येक पाथ बॅकस्लॅशनेच बांधलेला असतो. रेजेक्समध्ये बॅकस्लॅश पुढच्या अक्षराला विशेष अर्थ देतो. म्हणून खरा बॅकस्लॅश हवा असेल तर तो दोनदा लिहावा लागतो. समजा, इंग्रजी स्मॉल अक्षरांतील बॅकअप फोल्डर वगळण्यासाठी आपण एकच बॅकस्लॅश देऊन नाव लिहिले. बॅकस्लॅश आणि ‘बी’ मिळून रेजेक्समध्ये ‘शब्दाची सीमा’ होते, आणि उरलेला नमुना ‘ॲकअप’ एवढाच राहतो. बॅकअप या शब्दात ‘बी’ आणि ‘ए’ यांच्यामध्ये शब्दाची सीमा नसते, त्यामुळे हा नमुना कधीच जुळत नाही, एकही फोल्डर वगळले जात नाही, आणि पडद्यावर चुकीचा एक शब्दही उमटत नाही. ‘डीटीपी’ नावाच्या फोल्डरची गंमत याहून पुढची आहे : बॅकस्लॅश आणि ‘डी’ मिळून ‘कोणताही अंक’ होतो, म्हणून तो नमुना अंकानंतरचे ‘टीपी’ शोधत बसतो. ‘स्कॅन’मधील ‘एस’ कोरी जागा होते, ‘टेम्प’मधील ‘टी’ टॅब होते, ‘न्यू’मधील ‘एन’ नवी ओळ होते, आणि ‘फायनल’मधील ‘एफ’ पानबदलाचे चिन्ह होते. आमच्या दुकानातील फोल्डरांची निम्मी इंग्रजी नावे या यादीत आली.

याच ठिकाणी देवनागरीने मला वाचवले, हे नमूद केले पाहिजे. ‘\बॅकअप’ असे मराठी अक्षरांत लिहिले तर बॅकस्लॅश आणि ‘ब’ अशी जोडी रेजेक्सला माहीत नसते, आणि ते ओळखता न आल्याची तक्रार लगेच करते. इंग्रजी नावाच्या बाबतीत मुकाट्याने चुकीचे काम करणारे साधन मराठी नावाच्या बाबतीत ओरडून उठते, आणि ओरडणारे साधन केव्हाही बरे. यावर तयार उपायही आहे : ‘रेजेक्स एस्केप’ नावाची सोय आहे, तिला नाव दिले की ती आवश्यक तेथे बॅकस्लॅश स्वतः जोडून देते. हाताने चिन्हे मोजण्यापेक्षा ही सोय वापरणे शहाणपणाचे आहे. अंकांच्या बाबतीतही साधनाची स्तुती करावीशी वाटते. रेजेक्समधील ‘कोणताही अंक’ या चिन्हात देवनागरी आणि कन्नड अंकही धरले जातात, त्यामुळे वर्षांची फोल्डरे कोणी कोणत्याही लिपीत लिहिलेली असली तरी चार अंकांचा एकच नमुना सर्वांना पुरतो. सीमाभागातील दुकानासाठी ही लहान गोष्ट नाही.

शब्दसीमेच्या बाबतीत मात्र असे औदार्य नाही. 5.1 ज्या पायावर उभी आहे त्यातील रेजेक्स काना, पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांना शब्दाचा भाग मानत नाही, तर उकार, मात्रा आणि अनुस्वार यांना मानते. याचा अर्थ ‘जुना’ या शब्दात ‘न’ आणि काना यांच्यामध्ये त्याला शब्दाची सीमा दिसते. ज्यांना मराठी नावांसाठी शब्दसीमेचे चिन्ह वापरून नमुना काटेकोर करायचा असेल त्यांनी तो मोह टाळावा आणि बॅकस्लॅशलाच सीमा मानावे.

आता मराठी वापरकर्त्यांच्या वाट्याला येणाऱ्या खास अडचणी. पहिली अडचण स्क्रिप्ट साठवण्यापाशीच सुरू होते. नोटपॅड आता फाइल यूटीएफ-8 या युनिकोड साठवणपद्धतीत, पण आरंभखुणेविना साठवते. 5.1 ला ती आरंभखूण, जिला बीओएम म्हणतात, दिसली नाही तर ती फाइल जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचाप्रमाणे वाचते. प्रत्येक देवनागरी अक्षराची तीन विचित्र चिन्हे होतात, आणि स्क्रिप्टमधील ‘जुने’ हा नमुना प्रत्यक्षात कोणत्याच फोल्डरशी जुळेनासा होतो. तीच ओळ थेट खिडकीत टंकली तर बिनचूक चालते, म्हणून गोंधळ अधिक वाढतो : हाताने चालते आणि स्क्रिप्टमध्ये चालत नाही. साठवताना ‘यूटीएफ-8 विथ बीओएम’ निवडले, किंवा 7 ची आवृत्ती वापरली, की हा प्रश्न मिटतो. माझ्या मते मराठी नावे वापरणाऱ्याने 7 उतरवून घ्यावी याचे हे एकच कारण पुरेसे आहे. यादी एक्सेलमध्ये पाहण्यासाठी ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ वापरणाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते, 5.1 मध्ये एन्कोडिंग, म्हणजे साठवणपद्धत, न सांगता ती आज्ञा चालवली तर सगळी मराठी नावे प्रश्नचिन्हांत बदलतात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि तिच्यात साधनाचा काहीही दोष नाही. ‘दुसऱ्या प्रती’ या नावाचे फोल्डर आमच्याकडे अनेक ठिकाणी आहे. त्यातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : काही कळफलक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडतात, तर काही साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात आणि दोन्ही प्रकार युनिकोडला मान्य आहेत, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे आहेत. मी घरच्या संगणकावर स्क्रिप्ट लिहिली, फोल्डर दुकानातील ऑपरेटरने बनवले होते, आणि तासभर मी दोन सारख्या शब्दांकडे पाहत बसलो. अशा वेळी नाव स्वतः टंकू नये. फोल्डरवर जाऊन नाव बदलण्याच्या चौकटीतून ते उचलावे आणि स्क्रिप्टमध्ये चिकटवावे. शिवाय प्रश्नचिन्हाने ‘एक अक्षर’ जुळवतानाही सावध राहावे, कारण आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते संगणकाकडे अनेक तुकड्यांत असते. ‘त्रि’ हे आपल्यासाठी एक अक्षर आहे. साधनासाठी ते त, हलंत, र आणि वेलांटी असे चार तुकडे आहेत. ‘लग्नपत्रिका’ हा पाच अक्षरी शब्द अकरा जागा खातो, आणि पाथच्या 260 जागांच्या जुन्या मर्यादेत लांब मराठी नावे का बसत नाहीत याचे उत्तरही त्यातच आहे.

सध्या मी जी पद्धत वापरतो तिच्यात नमुना जवळजवळ उरलेलाच नाही. फाइलीचा नव्हे, तर ती ज्या फोल्डरात आहे त्याचा पाथ घ्यायचा, तो बॅकस्लॅशवर तोडून त्याचे तुकडे करायचे, आणि वगळायच्या नावांच्या यादीतील एखादे नाव त्या तुकड्यांत जसेच्या तसे आहे का एवढेच पाहायचे. यादीत मराठी ‘जुने’, इंग्रजी ‘ओल्ड’ आणि आमच्या कन्नड ऑपरेटरने कन्नड लिपीत लिहिलेले ‘हळे’, अशी तिन्ही नावे शेजारी शेजारी राहतात. तारे नाहीत, कंसांची भीती नाही, बॅकस्लॅश दोनदा लिहायचा नाही. ‘जुने बेळगाव’ हा एक अखंड तुकडा असल्यामुळे तो ‘जुने’शी जुळत नाही. उणीव एवढीच की ‘जुने 2019’ किंवा ‘जुने पण ठेवा’ अशी नावे यातून निसटतात, आणि ती पकडणारा कोणताही नमुना पुन्हा जुने बेळगावला पकडण्याचा धोका असतो. तेव्हा नव्या कामांसाठी दुकानात नियमच केला : जे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर जायचे नाही त्याच्या नावाआधी अधोरेषा द्यायची. मग ‘*\_*\*’ हा एक नमुना पुरतो, आणि तो लिपी पाहत नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. व्हेअर-ऑब्जेक्टची चाळणी कितीही नेमकी असली तरी ती फाइल सापडल्यानंतरची चाळणी आहे. वगळलेल्या फोल्डरातही साधन शिरते, प्रत्येक फाइल मोजते आणि मग टाकून देते. आत शिरूच नये असे सांगण्याची सोय या आज्ञेत नाही. वगळायची फोल्डरे अगदी वरच्या पातळीवर असतील तर आधी ‘-रीकर्स’शिवाय फक्त वरची पातळी मागवावी, तेथे ‘-एक्स्क्लूड’ लावावे, आणि उरलेली फोल्डरे पुढच्या गेट-चाइल्डआयटेमकडे सोपवावीत. खोलवर विखुरलेल्या फोल्डरांसाठी स्वतःच पायरीपायरीने उतरणारे छोटे फंक्शन लिहावे लागते, आणि तेथे नवख्या माणसाचा उत्साह संपण्याची शक्यता मोठी आहे.

तुलनेसाठी दोन साधनांचा उल्लेख पुरेसा आहे. विंडोजमध्येच असलेल्या रोबोकॉपी या नक्कल करणाऱ्या आज्ञेला ‘एक्सडी’ या पर्यायात फोल्डरचे नुसते नाव दिले की त्या नावाचे फोल्डर कोठेही असो, ते वगळले जाते आणि आत पाऊलही टाकले जात नाही. ‘एल’ जोडले तर काहीही न हलवता नुसती यादी दाखवली जाते. फक्त नक्कल करायची असेल आणि आणखी काही अटी नसतील तर पॉवरशेलपेक्षा मी रोबोकॉपीलाच झुकते माप देईन. लिनक्सवरील ‘फाइंड’मध्ये ‘-प्रून’ हा पर्याय नेमका हेच करतो, पण तेथेही नमुन्याच्या शेवटी तिरपी रेघ राहिली तर काहीच जुळत नाही आणि नमुना अवतरणचिन्हांत ठेवला नाही तर शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, तो आधीच उलगडून टाकते. धारवाडला शिकणारा माझा भाचा ‘मामा, तुम्ही लिनक्स घ्या’ असे दर सुट्टीत सांगतो. कोरलड्रॉ तेथे कसे चालवायचे हे तो सांगत नाही.

मी स्वतः पॉवरशेल सोडलेले नाही, कारण फाइल निवडताना तारीख, आकार आणि गिऱ्हाइकाचे नाव या अटी एकत्र लावणे त्यात जितके सोपे आहे तितके मला इतर ठिकाणी वाटले नाही. त्यात मी एक भर घातली आहे. माझी स्क्रिप्ट आता दोन याद्या लिहिते : घेतलेल्या फाइलींची एक आणि वगळलेल्यांची दुसरी, दोन्हींची बेरीज एकूण फाइलींशी जुळली नाही तर ती नक्कल सुरूच करीत नाही. दुसऱ्या यादीत प्रत्येक फाइलीसमोर कोणत्या नावामुळे ती गळली तेही येते. ती यादी कागदावर छापून मी दुकानातील दोघांना वाचायला देतो, एकाला मराठी नावांसाठी आणि दुसऱ्याला कन्नड नावांसाठी. यंदाच्या छापील यादीत वडगावच्या एका विणकर सोसायटीचा अहवाल दिसला. त्या फोल्डरचे नाव होते ‘_अंतिम’. ऑपरेटरला अधोरेषेचा नियम सांगितला होता, पण त्याने तो उलटा ऐकला होता.